विमलाबाईचा हात

हाताने केलेलं म्हणजे चांगलंच, असं मानणाऱ्या लोकांची मला कीव येते. हाताने तर खोटे दाखलेही करतात. तरीही गेल्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका सभागृहात मी तीन दिवस बसून काढले, कारण आयोजकांना ‘विज्ञानाचा जाणकार’ हवा होता आणि या गावात त्या नावाखाली खुर्चीत बसवायला माझ्याशिवाय दुसरा कोणी उरलेला नाही. मी गुणाकर. तिरोडीकडच्या एका खासगी खाणीच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं केमिस्ट होतो. दगडात मँगनीज किती हे मी सांगायचो आणि माझ्या सहीवर मालगाड्या सुटायच्या. आता घरी गॅसचा सिलिंडर येतो तोही पोराच्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितल्यावर.

प्रदर्शनाचं नाव होतं ‘विसरलेला वारसा, बोलके हात’. नाव चिन्मयने ठेवलेलं. हा आमच्या गल्लीतल्या वकिलांचा नातू, नागपूरहून डिझाइनचा कसलासा कोर्स करून आलेला. आईशी मराठी बोलतो, बाकी जगाशी हिंदी आणि स्वतःशी इंग्रजी. त्याची कल्पना अशी की इतिहासातल्या आणि विज्ञानातल्या कोणी न विचारलेल्या गोष्टी घ्यायच्या आणि त्यांच्या शेजारी आजची हस्तकला मांडायची. एका प्राध्यापकांच्या बायकोने शून्याच्या शोधावर लोकरीचं शून्य विणून आणलं होतं. मध्ये भोक, भोवती लोकर. लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते. पलीकडे काचेसारख्या राळेत बुडवलेली पळसाची फुलं होती आणि खाली पळसाच्या रंगाच्या रसायनशास्त्रावर एक पाटी. त्या पाटीत तीन चुका होत्या. मी त्या चिन्मयला दाखवल्या.

“काका, लोग इतना पढ़ते कहाँ हैं?” तो म्हणाला. तीन दिवसांत तो एवढं एकच खरं बोलला.

या सगळ्या पसाऱ्यात शेवटच्या भिंतीपाशी प्रेमलताचं चित्र होतं. प्रेमलता भरवेलीला राहते, पंचावन्नच्या आसपासची, नवऱ्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. ही बाई दगडांची चित्रं करते. डंपरमधून रस्त्यावर सांडलेले, नाल्यात वाहून आलेले खडे वेचायचे, हातोडीने फोडायचे आणि प्लायवूडवर त्यांची माणसं उभी करायची. रंग एक थेंब नाही. काळा तो मँगनीजचा, गुलाबी आणि नारिंगी त्याच्याबरोबर निघणाऱ्या दगडांचा, पांढरी ती गारगोटी. जड खडा गोंदाने धरत नाही, म्हणून प्रत्येक खड्याभोवती तांब्याची बारीक तार घेऊन ती प्लायवूडच्या मागून पीळ देते. तार नवऱ्याच्या दुकानातली, जळालेल्या मोटरींची.

मला ते चित्र पाहून डांबरी रस्ता आठवला. सात बाया ओळीने बसून दगड फोडतायत, एवढंच. चिन्मयने ते चित्र अशा खिळ्याला टांगलं होतं, ज्याला आदल्या महिन्यात कॅलेंडर होतं. पहिल्याच दिवशी दुपारी खिळा हातभर पलस्तर घेऊन खाली आला. फरशी फुटली, लोकरीचं शून्य दचकून टेबलाखाली गेलं, पण चित्रातला एक खडा निसटला नाही. मग चार माणसांनी ते उचलून भिंतीला टेकवून ठेवलं.

“यही तो इसका वज़न है काका!” चिन्मयचे डोळे चमकले. संध्याकाळपर्यंत ते वाक्य पाटीवर छापूनही आलं.

प्रेमलता चित्राशेजारी सतरंजीवर बसून येणाऱ्यांना काम करून दाखवायची. एक खडा उचलायची, तळहातावर जरा खेळवायची, ठेवायची. दुसरा उचलायची, खेळवायची, फेकून द्यायची. दोन्ही खडे काळे, दोन्ही सारख्या आकाराचे. मला राहवलं नाही.

“याच्यात काय वाईट आहे?” मी विचारलं.

“हा आमचा नोहे साहेब. हलका आहे.”

“वजन केलंस?”

“हातात घेतलं तं समजते. मायनं शिकवलं.”

मी हसलो. चौतीस वर्षं मी आम्लात दगड विरघळवले, सहा-सहा तास एका आकड्यासाठी काचेच्या नळ्यांपुढे उभा राहिलो, आणि ही म्हणते हातात घेतलं तर समजते. असल्या लोकांच्या कौतुकाची हल्ली साथ आली आहे. आजीचा काढा, आजोबांचा हवामान अंदाज, आणि आता मायचा हात.

दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या मुली आल्या. मास्तरीणबाई मोठ्याने पाटी वाचत होत्या. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक माणूस खुर्चीत बसलेला होता, सगळा पांढऱ्या गारगोटीचा. त्याच्याखाली चिन्मयने लिहिलं होतं, ‘गोरा साहेब: वसाहतवादी शोषणाचं प्रतीक’. मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. प्रेमलता तोंडाला पदर लावून हसायला लागली.

“इंग्रज कुठचा आला? मी पैदा व्हायच्या आधीच गेले ते. हे तं आपले गुणाकर साहेब होत. बसले ना तिथं.”

सगळ्या मुली माझ्याकडे वळल्या. मी पहिल्यांदा त्या कोपऱ्याकडे नीट पाहिलं. खुर्चीला एकच हात होता. प्रयोगशाळेतल्या माझ्या खुर्चीचा डावा हात मी रुजू होण्याआधीच तुटलेला होता. खिशाला दोन पेनं होती, तांब्याच्या तारेची. आणि टेबलापुढे परकर घातलेली एक मुलगी उभी होती, दोन्ही हातांत एकेक दगड घेऊन.

गारगोटी म्हणजे खाणीतला टाकाऊ माल. बाया हातोडीने तोच तर छाटून फेकायच्या. माझं डोकं तापलं.

“मला गारगोटीचा केलास?”

“कोट पांढरा होता ना तुमचा,” ती साधेपणाने म्हणाली. “दुसरं पांढरं का भेटते आमाले?”

तिच्या मनात काही नव्हतं. ते कळल्यावर मला जास्तच चीड आली.

अडतीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट सांगतो. मी सव्वीस वर्षांचा होतो, नोकरी पक्की व्हायला दोन महिने उरले होते. खाणीत बायका माल निवडायच्या. त्यांना रेजा म्हणत. ढिगापुढे बसायचं, दगड फोडायचा, गारगोटी छाटायची आणि मालाचे वेगवेगळे ढीग करायचे. पंचेचाळिसाचा माल, चाळिसाचा, तिसाचा. शंभरात मँगनीज किती, त्याचे हे आकडे. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण हे आकडे त्या भाजीच्या भावासारखे बोलायच्या. त्यांची मेट, म्हणजे टोळीची प्रमुख, विमलाबाई. प्रेमलताची आई. माझ्या आधीचा म्हातारा केमिस्ट म्हणे आधी विमलाबाईला विचारायचा आणि मग नळी हातात घ्यायचा. मला हे कळलं तेव्हा मी त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात माझ्या व्यवसायातून काढून टाकलं.

त्या हिवाळ्यात एक मालगाडी भरायची होती आणि माल कमी पडला. कंत्राटदाराने वॅगनमध्ये खाली दुसऱ्या खड्ड्याचा जुना माल ओतला आणि वर विमलाबाईच्या टोळीने निवडलेला पसरला. नमुना घेणं माझं काम. नियम असा की वरून, मधून आणि तळातून घ्यायचा. मी वरून घेतला. आत उतरायचं तर कोट काळा होतो. आकडा आला सेहेचाळीस आणि मी सही केली.

दुपारी ही प्रेमलता आली. सतरा वर्षांची असेल. दोन दगड माझ्या टेबलावर ठेवले आणि एका दमात म्हणाली, “मायनं पाठवलं. वरचा माल आमचा होय, खालचा नोहे. माय म्हणते, खालचा तिसाचा आहे. गाडी जाऊ देऊ नका म्हणे.”

मी तिला हाकलून दिलं. दगड तिथेच राहिले.

आणि ती गेल्यावर, केवळ या अडाणी बाईला खोटी ठरवायची म्हणून, मी ते दोन्ही दगड कुटले आणि तपासले. एक सेहेचाळीस निघाला. दुसरा एकतीस. गाडी अजून स्टेशनातच होती. मला उठून फोन करायचा होता, एवढंच. पण सहीचा कागद पुढे गेला होता, आणि दोन महिने उरले होते. मी एकतीसचा कागद फाडला, नळ्या धुतल्या आणि गाडी सुटताना खिडकीतून पाहिली.

तीन आठवड्यांनी कारखान्याने माल परत पाठवला. चौकशी झाली. निवड करणाऱ्या बायांची हयगय, असा निष्कर्ष निघाला. सातही जणींची नावं हजेरीतून कापली. विमलाबाईचं नाव सगळ्यात वर होतं. आजूबाजूच्या खाणींत बातमी पोचायला किती वेळ लागतो? विमलाचा हात बिघडला, असं लोक म्हणायला लागले. तिला पुन्हा कोणी ढिगापुढे बसवलं नाही. तिने बिड्या वळल्या, तेंदूपत्ता वेचला. मी पक्का झालो.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. कोणाची माफी मागावी असंही मला कधी वाटलं नव्हतं, कारण खरं सांगायचं तर त्या बाया माझ्या लेखी माणसांत नव्हत्याच. वॅगन, वजनकाटा, रेजा. कामाच्या वस्तू.

गोरा साहेब मीच, हे कळल्यावर चिन्मयला आनंदाचं भरतं आलं. इंग्रज गेला याचं दुःख नाही, जिवंत माणूस सापडला! “काका, पाटी अब आप ही लिखिए. लिव्हिंग मेमरी!” त्याने माझ्यापुढे कोरं कार्ड ठेवलं.

मी विज्ञान लिहिलं. तिरोडीत सापडलेल्या एका खनिजाला शास्त्रज्ञांनी गावावरून तिरोडाइट असं नाव दिलं होतं, जगाच्या पुस्तकांत ते छापलं गेलं आणि पुढे आंतरराष्ट्रीय समितीने नावं नव्याने लावताना ते रद्द केलं. तिरोडीत हे दहा माणसांनाही ठाऊक नाही. आपल्या मातीचं नाव असं पुसलं जावं ही केवढी शोकांतिका, असा शेवट केला. माझा मीच खूश झालो. प्रेमलताने कार्ड हातात घेतलं आणि बोट फिरवत सावकाश वाचलं.

“दगडाचं नाव कापलं तं तुमाले एवढं लागलं साहेब,” ती म्हणाली. “आमच्या मायचंबी कापलं होतं.”

मी पेनाला टोपण लावलं.

“उद्या मायले आणून राह्यली मी. ऐंशी वर्सांची झाली ते. साहेब, तुम्ही एवढंच लिहा का मायचा हात बिघडला नव्हता. माल दुसऱ्याचा होता. बाकी काही नोको. माहं कोन आयकते? तुमचं लिहिलेलं लोक मानतात.”

“त्याने आता काय होणार आहे?”

“माय आता कोनतीच चीज हातावर नाही घेत. भाजीवालीनं वांगे पुढं केले तं म्हणते, काट्यावर ठेव. घरी मीठ टाकाचं तं मले आवाज देते. लोकायनं म्हटलं म्हणून तिलेबी वाटते, का हात गेला. मराच्या आधी तिले वाचून दाखवाचं आहे मले.”

मागणी अगदी माफक होती. दोन ओळी लिहायच्या, आणि त्याही मला निर्दोष ठेवून. माल दुसऱ्याचा होता, ते त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही, पुढे कळलं. मी तशा ओळी लिहिल्याही. वाईट नव्हत्या. घरी जेवताना मला स्वतःच्या मोठेपणाचं कौतुकसुद्धा वाटलं.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला विमलाबाई आली. तिरोडीहून बसने आलेली, वाकलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट, पायात प्लास्टिकच्या चपला. मी ओळखलं नसतं. तिने मला ओळखलं. जवळ येऊन माझ्या हातात बोरांची पिशवी दिली.

“स्टँडावरून आणले. गोड आहेत. खा साहेब.”

मी खुर्चीत बसून बोरं खाऊ लागलो, बिया डाव्या मुठीत ठेवत. ती सतरंजीवर बसली आणि कितीतरी वेळ चित्र पाहत राहिली. ओळीतल्या बायांची नावं घेतली. त्यातल्या पाच गेल्या होत्या. मग त्या पांढऱ्या माणसापाशी आली आणि हसली.

“तुमीबी आहा का इथं? बरं केलं प्रेमानं.”

चिन्मय मोबाइल उभा धरून चित्रण करू लागला. प्रेमलताने मला खूण केली, वाचा म्हणून. मी कार्ड उचललं. तेवढ्यात म्हातारी आपणहून बोलायला लागली. आवाजात राग नव्हता. लहान पोराची समजूत घालावी तसं बोलत होती.

“साहेब, तुमच्यावर मी कधी दोष नाही ठेवला. बाया शिव्या देत होत्या तुमाले, मी म्हणो, नोका देऊ. नवा आहे. लेकरू आहे. कालेज शिकला, पन दगडाचं का समजते त्याले? माह्या पोरीनं सांगतलं तरी त्याच्या ध्यानात नाही आलं. बुद्धी असते तेवढीच असते मानसाले. पाप नव्हतं मनात, समजतच नव्हतं बिचाऱ्याले.”

बिचाऱ्याले! अडतीस वर्षं ही बाई गावोगाव सांगत फिरली होती की गुणाकर केमिस्टला दगडातलं कळत नव्हतं. जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही ती माझी कीव करत होती, आणि तो पोरगा मोबाइलवर ते उतरवून घेत होता. शिव्या मी सहन केल्या असत्या.

“समजत नव्हतं कसं?” मी ओरडलोच. “केमिस्ट होतो मी! त्याच दुपारी तपासले मी दोन्ही दगड. तुमचा सेहेचाळीस आणि खालचा एकतीस. अगदी बरोबर समजलं होतं मला!”

चिन्मयचा हात हळूच खाली आला. माझ्या तोंडून काय गेलं ते मला सगळ्यांच्या नंतर कळलं. हा पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. मूर्ख ठरण्यापेक्षा नालायक ठरणं मला परवडलं, बस.

“एकतीस?” विमलाबाईने विचारलं.

“एकतीस.”

“मी तीस म्हटलं होतं.”

तिने उजवा तळहात उताणा केला आणि त्याच्याकडे पाहत बसली. बोटं बिड्यांच्या तंबाखूने पिवळी पडलेली, तळवा अजून जाड. प्रेमलता तिच्या खांद्याला धरून रडत होती. म्हातारी रडली नाही.

“एकानं चुकली मी,” ती हाताशीच बोलल्यासारखं बोलली. “एकानंच. अडतीस वर्सं वाटे मले, का माहाच हात गेला.”

मग तिने मान वर केली.

“म्हणजे तुले मालूम होतं.”

मी काहीतरी बोलायला लागलो. नोकरी पक्की व्हायची होती, गाडी भरली होती, मॅनेजर कडक होता. ती ऐकत नव्हती. मी तिथे नसल्यासारखी ती चिन्मयला म्हणाली, “बाबू, पानी दे जी मले.” तो धावत गेला.

प्रेमलताने डोळे पुसले, माझ्या हातातलं कार्ड घेऊन फाडलं आणि नवं कोरं कार्ड पुढे केलं. “आता लिहा साहेब. एकतीस लिहा. कोनाले मालूम होतं तेबी लिहा.” मी लिहिलं. खालचा माल तिसाचा आहे असं विमलाबाईंनी हाताच्या वजनावरून सांगितलं होतं. प्रयोगशाळेत तो एकतीसचा निघाला. केमिस्टने ते दडवलं आणि सात बायांची कामं गेली. खाली माझी सही. प्रेमलताने ते आईला दोनदा वाचून दाखवलं, मग तारेच्या एका तुकड्याने पांढऱ्या माणसाच्या गळ्यात अडकवलं.

विमलाबाई उठली. पाणी प्यायली, पदर नीट केला आणि माझ्या खुर्चीपाशी आली. मला वाटलं काहीतरी बोलेल. तिने माझ्या मांडीवरची बोरांची पिशवी उचलली. उचलल्याबरोबर तिचा हात थांबला. पिशवी तळहातावर घेऊन तिने जरा खेळवली, एकदा, दोनदा.

“अर्धा किलो आणलते,” ती प्रेमलताला म्हणाली. “सहा खाल्ले यानं.”

दोघी बाहेर पडल्या. मी मूठ उघडून बिया मोजल्या. सहा होत्या.